सोलापूरच्या उन्हात दणकट पीसी: थंड ठेवायचा, पण डोकं उठवायचं नाही

नवा पीसी असेंबल करून घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार असते, "तापतंय." फॅन वाढवून दिले की आठवड्याभरात दुसरी येते, "लई आवाज करतंय की." एक दाबली की दुसरी वर येते, आणि सोलापुरात तर जास्तच. पीसीच्या भागांचे रिव्ह्यू बघाल तर बहुतेकांची चाचणी २० ते २५ अंशांच्या खोलीत झालेली असते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बाहेर पारा ४२-४३ वर असतो आणि पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोलीत दुपारी ३८-४० सहज होतात. रिव्ह्यूत जो फॅन "ऐकूच येत नाही" तो इथं मे महिन्यात चांगला ऐकू येतो.

व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग किंवा गेमिंगसाठी जड मशीन पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: आपल्या हवेत शांतता महागडे फॅन घेऊन मिळत नाही, वॉट कमी करून मिळते. म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने लावल्यात. फॅन आधी घेऊन वॉटचा विचार नंतर केलात तर फॅनचे पैसे दोनदा जातील.

जवळ काय असावं

- चुंबकी टोकाचा मोठा स्टार स्क्रूड्रायव्हर
- थर्मल पेस्ट आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल
- मऊ ब्रश, हातातला ब्लोअर, केबल टाय
- खोलीचं तापमान दाखवणारं साधं डिजिटल थर्मामीटर (हे सगळे विसरतात)
- मदरबोर्ड आणि कॅबिनेटचं मॅन्युअल, छापील किंवा पीडीएफ
- प्रत्येक भागाचं जीएसटी बिल, त्यावर सीरियल नंबर लिहून घेतलेला
- सॉफ्टवेअर: तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो, सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) भार टाकायला सिनेबेंच, ग्राफिक्स कार्डासाठी एमएसआय आफ्टरबर्नर, फॅनसाठी फॅन कंट्रोल. चारही फुकट मिळतात.

सीरियल नंबरचं हलकं घेऊ नका. मशीन दुकानात असेंबल झालं की एकच मोघम बिल हातात येतं, "कॉम्प्युटर सेट" एवढंच लिहिलेलं. दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्डाचा फॅन खडखडायला लागला की वॉरंटीसाठी त्या कार्डाचं स्वतंत्र बिल शोधत बसावं लागतं. पैसे देण्याआधीच प्रत्येक भागाची वेगळी ओळ लिहून मागा.

१. आधी खोली मोजा

हवेवर चालणारा कूलर असो की पाण्यावर चालणारा, सीपीयूला तो खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्याचं काम एवढंच की खोली आणि सीपीयू यांच्यातला फरक कमी ठेवायचा. तेव्हा आकडा बघायचा तो सीपीयूचा नाही, फरकाचा.

थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवा, मागे गरम हवेत नको. सगळे फॅन एका ठरावीक वेगावर बांधा, सिनेबेंच अर्धा तास चालू ठेवा आणि दोन्ही आकडे लिहून घ्या. समजा जानेवारीत खोली २४ आणि सीपीयू ७०, म्हणजे फरक ४६. मे महिन्यात खोली ३९ असेल तर त्याच फॅनवर, त्याच भाराला सीपीयू ८५ च्या आसपास जाणार. थंडीत मशीन घेतलं तरी उन्हाळ्याचा अंदाज असा आधीच बांधता येतो.

किती तापलेलं चालतं? एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक मोठ्या चिप ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवल्या आहेत. सगळे कोअर भारात असताना ९५ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीची १०० आहे. ग्राफिक्स कार्डांपैकी आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ९०. मर्यादेला टेकलं की चिप आपणहून वेग कमी करते, जळत नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी रोज तिथंच टेकत असेल तर तुम्ही पैसे मोजलेत त्या वेगाचा काही भाग वापरातच येत नाही, आणि फॅन मात्र पूर्ण जोरात.

२. वॉट कापा

सगळ्यात जास्त फरक इथं पडतो, आणि खर्च शून्य.

जाहिरातीत वीज कुणी सांगत नाही, म्हणून काही आकडे डोक्यात ठेवा. इंटेल आय९-१४९००के चा कमाल टर्बो २५३ वॉट. रायझन ९ ७९५०एक्स वर १७० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत ओढतो. आरटीएक्स ४०९० म्हणजे ४५० वॉट, ४०७० म्हणजे २००, ४०६० म्हणजे ११५. यातला वॉट न् वॉट शेवटी उष्णता बनून तुमच्याच खोलीत येतो.

चिप बनवणारे शेवटच्या चार-पाच टक्के वेगासाठी वीज बेसुमार वाढवतात, कारण रिव्ह्यूतले तक्ते तेवढ्यानेच जिंकले जातात. तो शेवटचा तुकडा सोडून दिला की उष्णता भसकन उतरते.

रायझन असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड शोधा. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या मेनूत किंवा त्याच्या आसपास असतो. ६५ वॉटचा इको मोड लावला की सॉकेटची मर्यादा ८८ वॉट होते, १०५ वॉटचा लावला तर १४२. ७९५०एक्स सारख्या चिपला मी १०५ चाच सुचवीन. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण वीज जेवढी कापली त्या मानाने वेगाचं नुकसान फारच कमी.

इंटेल असेल तर बायोसमध्ये पीएल१ (सतत भाराची) आणि पीएल२ (थोड्या वेळाची) या विजेच्या दोन मर्यादा बघा. बऱ्याच मदरबोर्डवर त्या मुळातच ४०९६ वॉट अशा असतात, म्हणजे मर्यादाच नाही. कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर किंवा त्याखाली आणा. १३व्या-१४व्या पिढीचा मोठा चिप, विशेषतः नावाच्या शेवटी के असलेला, असेल तर त्याआधी बायोस अपडेट करा. या चिपना जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी नवा मायक्रोकोड (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, बायोस अपडेटमधून येतं) दिला. जुनं मशीन सेकंडहँड घेत असाल तर हा प्रश्न विचाराच.

ग्राफिक्स कार्डासाठी आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ७५-८० वर आणा. एवढंच. ४५० वॉटचं कार्ड ३५० च्या आसपास येतं आणि बहुतेक गेममध्ये फ्रेम मोजल्याशिवाय फरक कळत नाही. अंडरव्होल्टिंग, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं, ही याच्या पुढची पायरी आहे, त्यात अजून फायदा होतो. पण ते पायरीपायरीने करावं लागतं आणि प्रत्येक कार्ड वेगळं वागतं. दुसऱ्याचा आकडा उचलून आपल्या कार्डाला लावला की गेम मध्येच बंद पडतो. नवख्याने पॉवर लिमिटवर थांबलं तरी चालतं.

३. कॅबिनेट आणि फॅन

"सायलेंट" म्हणून विकली जाणारी कॅबिनेट दारं बंद, आतून फोम लावलेली असतात. युरोपातल्या खोलीत ती छान. आपल्याकडे फोमच्या आत हवा कोंडते, फॅन वाढतात आणि फोमने जेवढा आवाज अडवला त्याहून जास्त तयार होतो. पुढून जाळीचं कॅबिनेट घ्या. पुढे नुसती काच असेल तर दिव्यांच्या रोषणाईला भुलू नका.

फॅनचं गणित मात्र नीट समजून घ्या, इथं थोडा वेळ घालवलात तर पुढं सगळं सोपं जातं. वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो. उलट, त्याच वेगाचा दुसरा फॅन शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १५०० आरपीएमवर ओरडणारा एक फॅन काढून ७५० वर फिरणारे दोन लावले तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. आणि वेग नुसता २० टक्के कमी केला तरी जवळपास ५ डेसिबल जातात.

यातून निघतं ते असं: मोठे फॅन, पुरेसे फॅन, हळू फॅन. जागा असेल तर १२० ऐवजी १४० मिलिमीटरचे. पुढून दोन किंवा तीन आत, मागून एक बाहेर, हवं तर वरून एक. त्यापुढं सातवा-आठवा फॅन लावून तापमानात विशेष काही हलत नाही, फक्त वायरी वाढतात.

फॅन ४ पिनचे घ्या. हवेची दिशा बघायची खूण सोपी आहे, ज्या बाजूला आधाराच्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. दुकानात घाईत असेंबल झालेल्या मशीनमध्ये एखादा फॅन उलटा असणं अजिबात दुर्मीळ नाही. घरी आणल्यावर कागदाचा कपटा धरून प्रत्येक फॅन तपासा.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गरजेपेक्षा थोडा मोठा घ्या. ८५० वॉटचा एसएमपीएस ४०० वॉटच्या भाराला निवांत असतो, ५५० वाला त्याच भाराला फॅन पळवतो. त्याचा फॅन खाली तोंड करून, आणि कॅबिनेटचे पाय एवढे उंच हवेत की खालून हवा शिरेल. सतरंजीवर ठेवलात तर ती वाट बंद.

४. सीपीयू कूलर: हवेचा की पाण्याचा

सरळ सांगायचं तर २०० वॉटच्या खालच्या चिपला दोन टॉवरचा हवेचा कूलर पुरतो, आणि इको मोड लावल्यावर जवळपास सगळ्याच चिप त्या खाली येतात. नॉक्टुआ एनएच-डी१५ नावाजलेला आहे पण महाग. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई त्याच्या बऱ्याच जवळ जातो आणि किंमत कितीतरी कमी. घेण्याआधी कॅबिनेटच्या मॅन्युअलमध्ये कूलरची उंची किती चालते ते बघा. एनएच-डी१५ ला १६५ मिलिमीटर लागतात, पीअरलेस असॅसिन १५५ चा आहे. उंच कूलर आणि काचेचं दार यांची गाठ पडली की दारच लागत नाही.

पाण्याच्या कूलरचा खरा फायदा मोठ्या चिपला आणि थोड्या वेळाच्या जोरदार भाराला होतो, कारण पाणी तापायला वेळ लागतो. त्याबरोबर पंपाचा बारीक आवाज कायमचा घरात येतो. काही वर्षांनी नळ्यांतून पाणी हळूहळू कमीही होतं. घेतलातच तर पंप संपूर्ण सर्किटमधला सगळ्यात उंच भाग होणार नाही असा रेडिएटर (पाणी गार करणारा, फॅन लावलेला भाग) बसवा, नाहीतर हवा पंपात अडकून गुळगुळ आवाज येत राहतो.

पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. आणि कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा! न काढता बसवलेले कूलर दुरुस्तीला येतात, अजूनही.

५. दोन फॅन कर्व्ह बनवा

कर्व्ह म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरायचा ते ठरवणारी रेघ. बहुतेक मार्गदर्शक एकच कर्व्ह सांगतात. सोलापुरात एकाने भागत नाही, त्याचं कारण तापमानाइतकंच खोलीच्या आवाजातही आहे. मे महिन्यात छताचा पंखा पाचवर आणि खिडकीत कूलर घरघरत असतो, त्यात पीसीचा मध्यम आवाज बुडून जातो. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, पंखा बंद असतो आणि रात्री अकरानंतर पीसीच काय, भिंतीवरचं घड्याळही ऐकू येतं. नेमकी त्याच दिवसांत हवा थंड असते, म्हणजे फॅन हळू चालवायला मोकळीक असते.

हिवाळ्याचा कर्व्ह: ६० अंशांपर्यंत फॅन ३५ टक्क्यांवर सपाट, ७५ ला ५५, ८५ ला ८०, ९२ ला १००.

उन्हाळ्याचा: ७० अंशांपर्यंत ४५-५० टक्क्यांवर सपाट, ८० ला ७०, ९० ला १००.

उन्हाळ्यात सपाट भाग लांब का? खोली ३९ असताना मशीन नुसतं चालू असलं तरी सीपीयू ५५-६० ला असतो आणि ब्राउझर उघडला की क्षणभर ७० ला उडी मारतो. हिवाळ्याचा कर्व्ह तसाच ठेवला तर फॅन दर मिनिटाला वर-खाली होत राहतात. एकसारखा मोठा आवाज कान विसरतो, चढउतार विसरत नाही. त्यासाठीच बायोसमध्ये स्टेप अप आणि स्टेप डाउनचा वेळ असतो. तो पाचेक सेकंद किंवा जास्त ठेवा, क्षणिक उड्यांना फॅन मग दाद देत नाहीत.

कॅबिनेटचे फॅन बहुतेक वेळा सीपीयूच्या तापमानाला बांधलेले असतात. गेम खेळताना तापतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि सीपीयू थंड असल्यामुळे पुढचे फॅन झोपलेले. फॅन कंट्रोलमध्ये दोन्हींपैकी जे जास्त तापलंय त्याला फॅन बांधता येतात. हे एक काम केलं तरी कार्डाचा स्वतःचा आवाज उतरतो. पाण्याच्या कूलरचा पंप मात्र कर्व्हला बांधू नका, एका वेगावर ठेवा.

६. आवाज नेमका कशाचा ते शोधा

फॅन एकेक करून बोटाने नव्हे, सॉफ्टवेअरमधून थांबवा आणि ऐका. एखाद्या ठरावीक वेगालाच घूंऽऽ आवाज येत असेल तर कॅबिनेटचा पत्रा थरथरतोय. कर्व्ह त्या वेगावरून झटकन पुढं नेला की प्रश्न मिटतो. टकटक किंवा खरखर म्हणजे फॅनची बेअरिंग गेली किंवा वायर पात्याला लागतेय. केबल टाय त्यासाठीच आणायला सांगितला. जुनी ७२०० आरपीएमची हार्डडिस्क असेल तर तिची थरथर लाकडी टेबलातून घुमते, रबरी वॉशर लावा.

बारीक, किर्र असा विजेसारखा आवाज फॅनचा नसतो. ग्राफिक्स कार्डातल्या कॉइल मोठ्या विजेला कंप पावतात, त्याचा तो आवाज. गेमच्या मेनूत फ्रेम शेकड्यांत जातात तेव्हा सगळ्यात जास्त येतो. फ्रेमला मॉनिटरच्या रिफ्रेश रेटइतकी मर्यादा घाला, बहुतेक वेळा निम्मा होतो. त्याने काही बिघडत नाही, आणि बऱ्याच कंपन्या एवढ्यासाठी वॉरंटीत कार्ड बदलूनही देत नाहीत.

मोबाइलच्या ॲपने डेसिबल मोजून दुसऱ्याशी तुलना करू नका. आपल्याच मशीनचा आधीचा-नंतरचा फरक बघायला ॲप ठीक.

७. धूळ आणि सुताचे तंतू

साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, म्हणजे पूर्व भागात राहत असाल तर हे नीट वाचा. यंत्रमागाजवळच्या घरांत नुसती धूळ नसते, टॉवेल-चादरीच्या सुताचे तंतू असतात. धूळ बऱ्यापैकी आरपार जाते. तंतू मात्र जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि हवा पूर्ण अडवतात. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला महिन्यातून एकदा फिल्टर झटकला तर भागतं, पूर्व भागात दर आठवड्याला बघा.

आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा. मग हवा फिल्टरमधूनच येते, फटीफटींतून नाही. पण सीपीयू कूलरच्या फॅनमागे, पत्र्यांच्या मधोमध जो थर बसतो तो बाहेरून दिसतच नाही. वर्षातून दोनदा फॅन काढून तिथं ब्रश फिरवा.

ब्लोअर मारताना प्रत्येक फॅन बोटाने धरून ठेवा. हवेने तो भन्नाट वेगात फिरला तर बेअरिंग खराब होते आणि फॅन उलटा जनरेटरसारखा वीज तयार करतो. मशीन बंद, वायर काढलेली, आणि हे काम गच्चीत किंवा अंगणात. ग्राफिक्स कार्डाचा कूलर मात्र स्वतः उघडू नका, स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की वॉरंटीवरून वाद सुरू होतो.

८. खोलीचं काय करायचं

६०० वॉट ओढणारं मशीन म्हणजे ६०० वॉटचा हीटर. आठ तास रेंडर चालला तर जवळपास पाच युनिट, आणि तेवढी सगळी उष्णता खोलीत. दीड टनी एसी साधारण ५.२ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, त्याचा नववा हिस्सा एकटा पीसी खातो. जमलं तर मोठे रेंडर पहाटे लावा.

आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे खिडकीतला कूलर चांगलं काम करतो. दमट हवेने पीसी गंजेल ही भीती बऱ्याच जणांना असते. पाणी थंड पृष्ठभागावर साचतं आणि चालू पीसीचे भाग खोलीपेक्षा गरम असतात, त्यामुळे आत दव धरत नाही. खरा धोका तुषारांचा आहे. कूलरच्या जाळीतून उडणारे थेंब सुकले की क्षार मागे राहतात, बोअरच्या पाण्यात तर जास्तच. तेव्हा कूलरचा झोत सरळ पीसीवर नको, खिडकीसमोरचा कोपरा सोडून बाजूला ठेवा.

टेबलाच्या बंद कप्प्यात पीसी ठेवू नका. सुतार हौसेने तसा कप्पा करून देतात, आवाज कमीही होतो, पण मागून निघालेली गरम हवा पुन्हा पुढून आत जाते. मागे भिंतीपासून किमान वीतभर अंतर, आणि कप्पा असलाच तर त्याची मागची फळी काढून टाका.

९. वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारी संपता संपता पूर्ण सफाई आणि उन्हाळ्याचा कर्व्ह. एप्रिलमध्ये पहिल्या पायरीतली चाचणी पुन्हा करा. फरक चार-पाच अंशांनी वाढला असेल तर आधी धूळ बघा, मग पेस्ट. पेस्ट दरवर्षी बदलायची गरज नसते, दोन-तीन वर्षांनी किंवा फरक वाढला तरच. दिवाळीच्या सफाईत दुसरी झाडझूड आणि हिवाळ्याचा कर्व्ह. दोन्ही कर्व्ह फॅन कंट्रोलमध्ये वेगळ्या नावाने सेव्ह केले की बदलायला दोन क्लिक लागतात. बायोस अपडेट केला की इको मोड आणि फॅनच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात, म्हणून अपडेटच्या आधी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.